गळकं तळं

आमच्या गावचं तळं गळकं आहे. पावसाळ्यात काठोकाठ भरतं आणि दोन-तीन दिवसांत तळ दाखवतं. घरी पाहुणे आले की चहा झाल्याबरोबर मी त्यांना ते बघायला नेते, दगडगोट्यांच्या त्या कोरड्या खड्ड्याच्या काठावर उभं करते आणि त्यांच्या चेहऱ्यांकडे बघत राहते. बहुतेकांना वाटतं, बाईंचं आता वय झालं. एका भाचेजावयांनी तर हळूच विचारलं होतं, की ज्यानं हे बांधलं त्याच्यावर काही कारवाई झाली का. मग मी सगळं सांगायला बसते आणि सांगता सांगता माझा आवाज चढतो. चढू दे. ज्या गोष्टीचा अभिमान वाटतो ती हळू आवाजात सांगायची सवय मला नाही.

गाव म्हणजे माझं सासर. फैजपूरच्या उत्तरेला, सातपुड्याच्या अगदी पायथ्याशी. आम्ही नवरा-बायको नोकरीमुळे जळगावला पिंप्राळ्यात राहिलो. मी शाळेत भूगोल शिकवला आणि निवृत्त झाले, पण सणवार, लग्नकार्य, उन्हाळ्याची सुट्टी, सगळं गावीच. माहेर माझं धुळ्याचं. अजूनही रागावले की माझ्या तोंडी ‘आहे’च्या जागी अहिराणी ‘शे’ येतं आणि सासरची माणसं गालातल्या गालात हसतात.

धुळ्याच्या मुलीला डोंगराचं अप्रूप नसतं. लळिंगचा किल्ला बघत आम्ही मोठ्या झालो. पण तिकडचे डोंगर सुटे सुटे, एकमेकांशी न बोलणाऱ्या भाऊबंदांसारखे. लग्न होऊन आले तेव्हा फैजपूर मागे पडलं आणि एसटीच्या खिडकीतून समोर जे उभं राहिलं, त्याला सुरुवातही दिसेना आणि शेवटही दिसेना. पूर्वेपासून पश्चिमेपर्यंत एकसलग निळी भिंत, तिच्यामागे आणखी फिकट निळी, तिच्यामागे आणखी एक. वर्गात मी शिकवत आले होते की दोन्ही बाजूंची जमीन खचली, तिथं नर्मदा आणि तापी वाहू लागल्या आणि मधला भाग उंच राहिला, तो सातपुडा. वाक्य बरोबरच आहे. पण त्या दिवशी मला पहिल्यांदा कळलं की आपण ज्या सपाटीवरून चाललोय तीच ती खचलेली जमीन. मी एसटीत नवऱ्याला हे सांगायला गेले तर तो म्हणाला, जरा पदर सावर, गाव जवळ आलं.

नव्या नवरीला गावात आणखी एक नवल दिसलं ते नदीचं. पुस्तकातली नदी उगमाशी लहान असते आणि पुढे मोठी होत जाते. आमची नदी उलटी. श्रावणात ती डोंगरातून अशी गर्जत बाहेर पडायची की घरात बसून ऐकू यावी, आणि गावाच्या खाली पोचेपर्यंत तिचा ओहोळ व्हायचा. त्याच्याही खाली गेलं तर नुसते पांढरे गोटे. पाणी जातं कुठं, असं मी सासऱ्यांना विचारलं. त्यांनी पायाखाली बोट दाखवलं आणि शेताकडे निघून गेले.

सातपुड्याच्या पायथ्याला गोटे, वाळू आणि मुरमाचा एक रुंद पट्टा आहे. डोंगरातल्या नद्यांनी किती काळ आणून आणून टाकलेला माल आहे तो, कुणी मोजावा. विहीर खणायला घ्या, खाली गोटेच गोटे. या पट्ट्यात शिरल्यावर नदी जमिनीत मुरते आणि खालच्या अंगाला, केळीच्या काळ्या रानात, विहिरींमधून वर येते. यावल-रावेरच्या केळीचं सगळं वैभव या गोट्यांवर उभं आहे. केळीला बाळंतिणीसारखं जपावं लागतं. थंडीत डोंगरावरून गार वारा उतरला की तिची पानं पिवळी पडतात, वाढ थांबते. उन्हाळ्यात इथलं तापमान वर्तमानपत्राच्या पहिल्या पानावर जातं, झळा सुटतात, पानांच्या चिंध्या होतात. म्हणून बागेच्या कडेनं शेवरीची झाडं लावून वारा अडवायचा. आणि बारा महिने पाणी. पाणी नाही तर केळी नाही.

पाण्याची गोष्ट निघाली की सासऱ्यांचं नाव घ्यावं लागतं. त्यांना सगळा गाव आबा म्हणतो. ऐंशीच्या पुढे गेलेले, कानानं अंमळ कमी, हट्टानं अंमळ जास्त. त्यांनी तरुणपणी भावांना हाताशी धरून बागेत विहीर खणली होती. गोट्यांतून खणलेली ती विहीर आतून दगडी बांधलेली आहे आणि माझं लग्न झालं तेव्हा तिचं पाणी वरून दिसायचं. पुढे चहूकडे बोअर झाले, ते खोल खोल जात राहिले आणि आमची विहीर खाली खाली जात गेली. काही वर्षांत उन्हाळ्यात ती कोरडी पडू लागली. बाग आक्रसत गेली. शेवटी आबांच्या हट्टापायी विहिरीभोवतीचा एक तुकडा तेवढा केळीखाली राहिला.

शेती माझा धाकटा दीर बघतो. तो हिशेबी आणि शांत माणूस. त्यानं एका दिवाळीला सगळ्यांसमोर सांगितलं की हे आता पुरे, विहिरीच्या भरवशावर केळी होत नाही, पुढच्या वेळी इथं हरभरा टाकू. आबा ताटावरून उठले नाहीत, पण जेवलेही नाहीत. मग ते म्हणाले की एक कांदेबाग मला द्या. कांदेबाग म्हणजे पावसाळा सरल्यावर, नवरात्र-दसऱ्याच्या सुमारास कंद पुरून लावतात ती केळी. त्या वेळेला, आबा म्हणाले, विहिरीत पाणी असेल तर लावू, नसेल तर मी स्वतः हरभरा पेरीन आणि परत केळीचं नाव काढणार नाही. दिरानं मान हलवली. म्हाताऱ्या माणसाच्या आयुष्यात उरलेली एकच गोष्ट अशी पावसापाण्यावर टांगली गेली आणि आम्ही सगळे तिथंच बसून बासुंदी खात होतो. मला तो घास अजून आठवतो.

आता तळ्याकडे येते. या सगळ्याच्या थोडं आधी माझी जाऊ, म्हणजे याच दिराची बायको, गावची सरपंच झाली होती. बाईच्या नावावर दिराचा कारभार चालेल असं पुष्कळांना वाटलं होतं. तिनं पहिल्याच सभेत दिराला बाहेर ओट्यावर बसवलं. गावाच्या वर, नदी डोंगरातून उतरते तिथं, एक तळं व्हावं म्हणून तिनं जळगावला इतके हेलपाटे घातले की पिंप्राळ्याच्या आमच्या घरात तिची एक साडी कायमची दांडीवर असायची. कचेरीतून ती परत यायची, पंख्याखाली पाय सोडून बसायची आणि मला म्हणायची, अक्का, एकदा गावात पाणी साठलेलं बघायचंय. साठलेलं पाणी आमच्या गावानं कधी पाहिलंच नव्हतं. वाहतं पाहिलं होतं आणि गेलेलं पाहिलं होतं.

तळं झालं. यंत्रांनी वरचा गाळ आणि मुरूम उचलला, काठ दगडांनी बांधले. पहिल्या मोठ्या पुराला ते भरलं तेव्हा सगळा गाव वर गेला, नारळ फुटले, जाऊला लोकांनी पुढे उभं करून फोटो काढले. तिसऱ्या दिवशी तळ्यात गोटे होते. पुन्हा भरलं, पुन्हा गेलं. शेजारच्या गावानं लगेच बारसं केलं आणि आमच्या तळ्याला चाळणी म्हणायला लागलं. लग्नाच्या पंगतीत वाढणारेसुद्धा जाऊला टोमणा मारायचे. ती हसून घ्यायची आणि घरी आली की भांडी जोरात घासायची. त्या वर्षी विहिरींना उन्हाळ्यापर्यंत बरं पाणी राहिलं होतं, अगदी आमच्याही. पण पाऊसच चांगला झाला होता, असं म्हणून सगळ्यांनी ते पावसाच्या खात्यावर टाकलं.

पुढच्या उन्हाळ्यात गावानं जे केलं ते फक्त आमच्या जिल्ह्यातलीच माणसं करू जाणोत. आमच्याकडे पाइप बनतात, ठिबकच्या नळ्या बनतात, प्लॅस्टिकच्या चटया बनतात. केळीचा घडसुद्धा आम्ही पिशवी घालून वाढवतो. शेततळ्याला प्लॅस्टिकचं अस्तर घालणं आम्हाला गादीवर चादर घालण्याइतकं सोपं. तळं गळतंय तर त्याला प्लॅस्टिकचा कागद घाला, हे कुणा एकाचं डोकं नव्हतं, सगळ्या गावाचं होतं. फैजपूरचे एक शेठजी पाइप आणि प्लॅस्टिकचे व्यापारी. पिढ्यांपूर्वी त्यांचं घर राजस्थानातून आलेलं, आणि आबांची नि त्यांची जुनी मैत्री. ते स्वतः माणसं घेऊन आले. आमच्या मूळच्या गावी पाण्याचा थेंबही जमिनीला पिऊ देत नाहीत, असं त्यांनी काठावर उभं राहून सांगितलं आणि सगळ्यांना ते पटलं. अस्तर पसरलं, कडा मातीत दाबल्या, जादा पाणी वाहून जायला सिमेंटची पक्की नाळी केली. दिवाळीच्या त्या बोलण्यानंतरचा हा पहिला उन्हाळा होता आणि आबांनाही वाटलं की आता काहीतरी चांगलं होणार.

त्या पावसाळ्यात तळं भरलं आणि भरलेलं राहिलं. दिवसामागून दिवस निळं पाणी, त्यात उलटा सातपुडा. जाऊ सकाळी उठून आधी तिकडे चक्कर मारून यायची. गणपतींचं विसर्जन तिथंच झालं. चाळणी म्हणणारं गाव रविवारी बायकापोरांसह डबे घेऊन तळ्यावर यायला लागलं. मी दुर्बीण विकत घेतली. पाणकोंबड्या, टिबुकल्या, थंडीत बदकांचे थवे, एकदा तर चित्रबलाक करकोच्यांची रांग उभी. आणि फेब्रुवारीपासून जनावरं उतरू लागली. रोही, म्हणजे नीलगाय, कळपानं. रानडुकरं, तरस. एका सकाळी काठच्या चिखलात मला माणसाच्या अनवाणी पावलासारखी पावलं दिसली, फक्त बोटांपुढे लांब नखांचे ओरखडे. अस्वल. मोहाची फुलं पडायच्या दिवसांत ते खाली येतं हे ऐकलं होतं, पण त्याची ओली पावलं समोर बघून मला इतका आनंद झाला की मी तिथं एकटीच हसत बसले.

कांदेबाग त्या वर्षी झाली नव्हती. दसऱ्याला विहिरीत हातभर पाणी होतं, त्यावर केळी लावणं म्हणजे मरायला लावणं. दिरानं आबांना एक वर्ष आणखी दिलं, कारण तळं आताच तर भरलंय, पाझर लागायला वेळ लागेल, असं तोही म्हणाला. आणखी एकच वर्ष, हेही म्हणाला. मार्च सरता सरता विहीर कोरडी झाली. पुढे आमची एकटीच नाही, खालच्या अंगाच्या सगळ्याच विहिरी गेल्या. तळं मात्र वर दिमाखात भरलेलं. लोक म्हणाले, बघा, तळं नसतं तर काय झालं असतं.

मे महिन्यात मी गावी होते. सकाळी ऊन चढायच्या आत मी नदीच्या पात्रातून तळ्याकडे चालत जायची. पात्र कोरडंच असतं त्या दिवसांत, पण पूर्वी त्यात ठिकठिकाणी झिरे असायचे. वाळू हातभर उकरली की पाणी येतं, त्याला झिरा म्हणतात. बायका तिथून हंडे भरायच्या आणि रात्री जनावरं प्यायची. त्या दिवशी मला पात्रात एक खड्डा दिसला. खोल, तिरपा, दोन्ही बाजूंना गोटे भिरकावलेले, कडेला नखांचे ओरखडे. अस्वलानं खणलेला. आत कोरडी वाळू. थोडं पुढे दुसरा खड्डा, आणखी खोल, तोही कोरडा. तिसरा अर्धवट सोडलेला. आणि तिथून पावलं सरळ तळ्याकडे गेलेली.

मी त्या अर्धवट खड्ड्यापाशी बसले. म्हणजे ही जनावरं आमच्या तळ्याला भुलून आली नव्हती. त्यांनी आधी आपल्या नेहमीच्या जागी पाणी शोधलं होतं. तिथं ते नव्हतं, आणि आजूबाजूला कुठंच नव्हतं, म्हणून ती नाइलाजानं माणसांच्या वासात, कुत्र्यांच्या भुंकण्यात, आमच्या प्लॅस्टिकच्या काठावर येऊन पीत होती. मला जी भरभराट वाटली होती ती टंचाई होती. लहान पूर तळ्यातच अडकले होते, मोठे पूर पक्क्या नाळीतून धावत थेट तापीला गेले होते, आणि जे गोटे सगळ्यात जास्त पाणी पिऊन खालच्या विहिरींना द्यायचे, नेमके त्यांच्याच तोंडावर आम्ही कागद पसरला होता. गळकं तळं खालच्या रानाला पाणी देत होतं. न गळणारं तळं ते स्वतःजवळ ठेवून उन्हाला देत होतं.

मी तावातावानं घरी आले आणि ओट्यावरच सुरू केलं. मला कुठं काय बोलावं याचं भान कधीच नव्हतं. दिरानं सगळं ऐकून घेतलं. त्याला पटलं होतं, पण बायकोकडे बघायची त्याची हिंमत नव्हती. जाऊ चुलीपाशी होती. ती बाहेर आली आणि शांतपणे म्हणाली, की अक्का, तुम्ही पिंप्राळ्याला निघून जाल, इथं लोकांना तोंड मला दाखवायचंय. एकदा मी चाळणीवाली झाले, आता भरलेलं तळं फाडून परत व्हायचं का. तिचं काहीच चुकीचं नव्हतं.

आबा खाटेवर पडून होते. त्यांना ऐकू कमी येतं हे खरं, पण नको ते बरोबर ऐकू येतं. ते उठून बसले. मला वाटलं, आता विहिरीचं नाव निघालंय, म्हातारा उसळणार. त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, “माह्या येहेरीसाठी पोरीले मान खाली घालाले लावू नका. तयं राहू द्या.”

इतकंच. परत आडवे झाले आणि भिंतीकडे तोंड केलं. एवढ्याशा बागेसाठी वर्षानुवर्षं सगळ्या घराशी भांडलेला माणूस सुनेच्या अब्रूसाठी ती सोडून मोकळा झाला होता. मला रडू आलं, आणि रडू आलं याचा रागही आला. जाऊ दारात तशीच उभी होती. तिच्या हातात पोळीचं पीठ वाळत चाललं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं गावसभेची दवंडी दिली.

सभेत ती काय बोलणार हे तिनं नवऱ्यालाही सांगितलं नव्हतं. तिनं आधी चार पोक्त माणसांना नदीच्या पात्रात नेऊन ते खड्डे दाखवले, मग सगळ्यांसमोर सांगितलं की पावसाच्या आत कागद निघणार. गलका झाला. पर्यटन बंद पडेल, जनावरं तहानेनं मरतील, पुन्हा हसं होईल. तिनं एकेकाला उत्तर दिलं. जनावरांसाठी वर जंगलाच्या हद्दीवर, कागदाच्याच तुकड्याची एक लहान पाणवठ्याची बशी करू आणि पाऊस लागेपर्यंत टँकरनं भरू. आणि हसण्याचं म्हणाल तर, ती म्हणाली, “हसतील ते मले हसतील. तुमच्या येहेरीले कोनी हसनार नाई.”

शेठजीही आले होते. ते उठून उभे राहिले आणि म्हणाले की कागद मी घातला, मीच काढतो. दुसऱ्या आठवड्यात त्यांची माणसं आली. तळ्यात उरलेलं पाणी तिनं आधी पंपानं खालच्या पात्रात सोडलं, मग कागद सुटला. शेठजी धोतराचा सोगा खोचून काठावर उभे होते आणि प्रत्येक पट्टा उचलताना त्यांचा चेहरा दात काढून घेताना होतो तसा होत होता. पक्की नाळीही तिनं पहारीनं फोडायला लावली. तो कागद पुढे गावातल्या निम्म्या गोठ्यांवर गेला, अजून आहे.

पावसाळा लागला. तळं भरलं आणि तिसऱ्या दिवशी गोटे दिसले. शेजारच्या गावातून कुणीतरी मोबाईलवर चाळणीचा फोटो पाठवला, स्वयंपाकघरातली खरीखुरी चाळणी. जाऊ ते बघून म्हणाली, घाण आहे, घासलेली नाही. आषाढ गेला, श्रावण गेला. तळं भरत होतं, रिकामं होत होतं, पुन्हा भरत होतं. विहिरीत मात्र काही नाही. दीर रोज वाकून बघायचा आणि परत यायचा. जमिनीतलं पाणी माणसाच्या घाईनं चालत नाही हे मी वर्गात शिकवलेलं, पण माझाच जीव थाऱ्यावर नव्हता. पोळा झाला, गणपती झाले. पितृपक्षात दिरानं फैजपूरहून हरभऱ्याचं बियाणं आणून पडवीत ठेवलं. आबा त्या पोत्याला वळसा घालून जायचे.

नवरात्रात मी गावी गेले. सातपुड्यात आमची मनूदेवी आहे. डोंगराच्या कुशीत, धबधब्याखाली. या दिवसांत घराघरांतून तिच्यासाठी कलश जातो. त्या सकाळी आकाश धुऊन काढल्यासारखं होतं. सातपुडा इतका जवळ आला होता की झाडं वेगळी मोजता यावीत. अंजन आणि सागाचं रान अजून हिरवंगार, वरच्या कड्यांवर सलईची झाडं मात्र पिवळी पडायला लागलेली. मी ओट्यावर उभी राहून ते बघत होते, तेवढ्यात दीर बागेकडून पळत आला. तो पळत आलेला मी त्याच्या लग्नानंतर पहिल्यांदाच पाहिला. त्यानं फक्त हातानं खूण केली, खालून वर.

आम्ही सगळे धावलो. विहिरीच्या काठावर वाकलो. अर्ध्याहून वर पाणी होतं, स्वच्छ, थंड, आणि बांधलेल्या दगडांच्या सांध्यांतून आणखी येत होतं. आवाज करत येत होतं. दीर म्हणाला, कालपरवापासून वर चढत असणार, घट बसल्यापासून मी भीतीनं वाकून बघितलंच नव्हतं. शेजारच्या बागेतून हाका यायला लागल्या. त्यांच्याही विहिरीला आलं होतं. त्याच्या पुढच्याच्याही. खालच्या अंगाच्या रानात माणसं एका विहिरीवरून दुसऱ्या विहिरीवर पळत होती आणि कुणीतरी सरपंचबाईच्या नावानं ओरडत होतं. मी धुळ्याची, मला ओरडायला लाज वाटत नाही. मीही ओरडले.

आबा सगळ्यांत शेवटी आले, काठी टेकत, कुणाचा हात न धरता. काठावर बसले आणि वाकून खाली बघितलं. मग दिरानं दोर सोडून पहिली कळशी वर ओढली. बायकांनी पटकन तांब्या पुढे केला. कलशासाठी हे पाणी, पहिलं पाणी देवीचं, ही रीत. एकीनं हळदकुंकूही आणलं होतं. आबांनी तांब्यावर हात ठेवला.

“देवी वाट पाह्यीन. पह्यला तांब्या सुनेले.”

त्यांनी तो स्वतः भरला आणि जाऊपुढे धरला. इतक्या टोमण्यांत, सभेत, तळं फाडताना जी बाई एकदाही डोळ्यांतून पाणी काढताना दिसली नव्हती, तिनं पदरानं डोळे टिपले. सासऱ्यासमोर तिनं पदर सारखा केला, तांब्या दोन्ही हातांनी धरला आणि उभ्यानं, सगळ्या गावासमोर, श्वास न घेता पीत गेली. गळ्यावरून, चोळीवरून पाणी ओघळत होतं. तोंडापासून खाली घेतला तेव्हा तांब्यात थेंबही उरला नव्हता.

आबांनी तो तिच्या हातातून घेतला, उलटा करून बघितला आणि दिराकडे वळले.

“हरभरा वापस दे,” ते म्हणाले. “कंद आन.”